अकरा नंबरची कॅसेट

आईने त्या कॅसेटींची कव्हरं बंबात घातली नसती, तर मी आयुष्यभर काय ऐकलं त्याची नावं तरी मला सांगता आली असती. बाबा बोटीवर इंजिनखात्यात होते. दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी असा आमचा सगळा कारभार. त्या खेपेला ते आले ते साबणाच्या वड्या, आईला एक सुळसुळीत साडी आणि बुटांच्या एका खोक्यात चौदा कॅसेटी घेऊन. बोटीवर नॉर्वेचा एक तरुण इंजिनिअर होता, तो नोकरी सोडून घरी जाताना ते खोकं तसंच टाकून गेला. बाबांना वस्तू फुकट गेलेली बघवत नसे. बोटीवरचे रंगाचे रिकामे डबेसुद्धा ते घरी आणत आणि आई त्यांत अबोली लावी. तेव्हा त्यांनी सरळ हिशेब केला, घरी बहिणीचं भजनी मंडळ आहे, पुसून वापरतील. खोकं उघडलं आणि आई दोन पावलं मागे सरली. कव्हरांवर कवट्या, आतडी, डोकं नसलेला एक बाप्या, आणि अक्षरं अशी की शेवग्याची मुळं उपटून ठेवल्यासारखी. "मेल्यांना दुसरं काही काढायला सुचलं नाही?" आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आंघोळीचं पाणी त्या चित्रांवर तापलं. कॅसेटींवर जे काही छापलेलं होतं त्यावर इंदूआत्याने पांढरी चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने एक ते चौदा आकडे घातले. म्हणून आजही कोणी विचारलं की शालूताई, तुम्ही कुठला बँड ऐकायचात, तर माझं उत्तर तयार असतं. अकरा नंबर.

इंदूआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा तापाने गेला आणि ती आमच्याकडे परत आली ती कायमची. घर चिऱ्यांचं, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत. दिवसभर खालून होड्यांच्या इंजिनांची टुकटुक, बर्फ फोडल्याचे आवाज, आणि त्या सगळ्यावर आत्याचा आवाज. ती खालच्या आळीतल्या बाईला आमच्या अंगणातल्या खळ्यातून हाक मारी आणि ती बाई ओ द्यायची. दर गुरुवारी दुपारी तिचं भजनी मंडळ आमच्या पडवीत बसे, एकूण नऊ बायका, एक पेटी, दोन टाळांच्या जोड्या आणि मधे भाजलेले शेंगदाणे नि गुळाचा खडा. त्या नवातल्या सात जणींचे नवरे नाहीतर मुलगे मुंबईला. त्यांना गावच्या भजनाची कॅसेट हवी असे. बाबांनी मागल्या खेपेला दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आणून ठेवलेला होताच. मग काय, दर गुरुवारी भजन रेकॉर्ड करायचं आणि शुक्रवारी जो कोणी एस्टीने मुंबईला जात असेल त्याच्या पिशवीत कॅसेट टाकायची, असा आत्याचा कारखाना सुरू झाला. चौदा कॅसेटी म्हणजे चौदा गुरुवार. बिचाऱ्या नॉर्वेवाल्याला काय माहीत, त्याची आतडी नि कवट्या परळच्या चाळीत जाऊन देव देव करणार आहेत.

आता माझं सांगते. मी लहानपणापासून गायची. चांगली गायची, उगाच कशाला खोटा विनय. आत्यानेच शिकवलं मला, अगदी पाटावर बसवून, ओले तांदूळ पाट्यावर वाटावेत तसं घोटून. मी पंधरा वर्षांची असताना तिने माझ्या आवाजात बारा अभंगांची एक कॅसेट करून घेतली, एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला पाच. मग सतराव्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय, गाठ काढायची तर आवाजाची हमी देता येणार नाही. गाठ निघाली, मी वाचले, आणि आवाज गेला. अगदी गेला असं नाही, बोलता येत होतं. पण जे निघे ते घोगरं, खरखरीत, वाक्याच्या मधेच फाटणारं. घरी आल्यावर पहिल्यांदा मी "आई, पाणी" म्हटलं तेव्हा आईने पाणी दिलं आणि मागीलदारी जाऊन रडली. मला ऐकू जात होतं. त्यानंतर मी बोलणंच कमी करून टाकलं. कॉलेजात हजेरीला हात वर करायचे. दुकानात बोट दाखवायचे. घरातही कोणी "बोल की गो" म्हणत नव्हतं, उलट मी गप्प बसले की सगळ्यांना जरा बरंच वाटायचं. आणि दर एकादशीला, कोणी पाहुणा आला की तेव्हाही, आत्या ट्रंकेतून ती कॅसेट काढून लावी. पंधरा वर्षांची शालू गात असायची, लोक माना डोलवायचे, डोळे पुसायचे. एकोणीस वर्षांची शालू चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. तिच्याकडे कोणी बघायचं नाही.

खोकं आलं त्या आठवड्यात आत्याने मला सांगितलं, "लावून बघ गो, टेप तुटलेली-बिटलेली नाय ना." दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती, बांगड्याच्या तिखल्याचा वास अजून हाताला होता. मी पहिली कॅसेट लावली आणि मला वाटलं टेप ओढतेय. तेव्हा कॅसेट जुनी झाली की आवाज जाड होऊन रांगायला लागे, तसंच काहीसं. मी बंद केलं, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दुसरी लावली, तेच. तिसऱ्या कॅसेटीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की यंत्राला काही झालेलं नाही. हा माणूस आहे. हा असाच गातोय, आणि मुद्दाम गातोय. मी खाली फरशीवर बसले. माझ्यापेक्षा वाईट आवाजाचा एक माणूस, आणि त्याला कोणीतरी माइकसमोर उभं केलंय, मागे ढोल दिलेत, गिटारी दिल्यात, कॅसेट काढलीय आणि ती कोणीतरी जपून बोटीवर नेलीय. मला हसू आलं. मग हसू गेलं आणि मी ती बाजू पूर्ण ऐकली. सगळ्यांत छान अकरा नंबर. त्यात सुरुवातीला नुसती एक गिटार असायची, खाली, अगदी खाली, आणि मग तो माणूस पोटातून असा काही हुंकार काढायचा की टेपरेकॉर्डरवर ठेवलेली काडेपेटी सरकायची.

लोक मला विचारतात, भाची तर प्रत्येक सुट्टीत विचारते, की आत्या, तुला ह्यात मिळतं काय? ती स्वतःही ऐकते हं, कानात बोंडं घालून, पण तिला माझं आश्चर्य वाटतं. लोकांना वाटतं असलं ऐकणारा माणूस रागीट असणार नाहीतर मनातून काळा असणार. मी मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सुपरवायझर होते, हाताखालच्या एकीवरही हात उगारला नाही, तोंड मात्र भरपूर वाजवलं. माझा अनुभव सांगायचा तर तो अगदीच साधा आहे. अकरा नंबर ऐकलं की मला भूक लागायची. ऑपरेशनपासून माझं जेवण सुटलं होतं, अर्धी भाकरी आणि चमचाभर कुळथाची पिठी एवढ्यावर मी दिवस काढी. ते अर्धा तास ऐकून मी स्वयंपाकघरात जायची आणि दोन भाकऱ्या खायची. राग निघून जातो वगैरे मला काही माहीत नाही. राग होताच, आईचा, आत्याचा, डॉक्टरचा, देवाचा. पण त्या आवाजात माझ्या रागाला बसायला जागा मिळत होती, त्याला कोणी हाकलत नव्हतं, त्यामुळे तो गप्प बसे आणि मला जेवू देई. एवढंच. शब्द एक कळत नव्हता, आणि तेही बरंच होतं. मागे भाचीने मोबाइलवर असल्याच दुसऱ्या एका गाण्याचं नाव शोधून मला वाचून दाखवलं. अर्थ विचारला तर सांगता सांगता तिचीच पंचाईत झाली. ते मी इथे लिहीत नाही. आईने बंबात घातलं ते योग्यच केलं.

मग मी हळूहळू त्या माणसाबरोबर आरोळी द्यायला लागले. आई आणि आत्या बाजारात गेल्या की विहिरीवरचा पंप लावायचा, टेप लावायची आणि पोटातून आवाज काढायचा. बोलताना माझा आवाज मधेच फाटायचा. इथे तो आधीच फाटलेला, आणखी काय फाटणार! जो सूर लावला तो शेवटपर्यंत टिकायचा. दोन वर्षांत मी पहिल्यांदा एक श्वास पुरा वापरला. एकदा खालच्या आळीतली बाई धावत आली, "काय झालं गो, रेडा सुटलाय काय पंपाकडे?" मी म्हटलं, पंपच बिघडलाय.

पण गुरुवार कोणासाठी थांबत नाहीत. दर आठवड्याला एक आकडा कमी होत होता. तिसऱ्या कॅसेटीनंतर परळहून एक पत्र आलं. मंडळातल्या काशीबाईच्या मुलाने लिहिलं होतं की भजन फार छान, पण आरती संपल्यावर कोणीतरी राक्षस बोलतो, बायको घाबरलीय, आणि हा आपल्या देवळातला प्रकार आहे की काय ते कळवावं. आत्याने दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या तासाचं भजन केलं होतं आणि कॅसेटीची बाजू होती त्याहून लांब, उरलेल्या भागात नॉर्वे शिल्लक राहिला होता. त्या दिवसापासून आत्या सावध झाली. भजन संपलं, बायका उठून गेल्या, तरी बटण खटकन उडेपर्यंत ती टेप तशीच चालू ठेवी. म्हणजे पुढच्या सगळ्या कॅसेटींच्या शेवटी आमच्या रिकाम्या पडवीचं रेकॉर्डिंग आहे, कावळे, कुकरच्या शिट्ट्या आणि आईचं "मांजर गेलं बघ आत." मी जुन्या चिकटपट्ट्यांवर नव्या लावून आकडे अदलाबदल केले. अकराची बारा झाली, मग तेरा, मग चौदा. बाजारातून एक कोरी कॅसेट आणून तांदळाच्या डब्यात लपवली, तर दुसऱ्याच दिवशी आत्याने तांदूळ घेताना ती शोधली आणि "देवच पावला गो!" म्हणत मंडळाला लावली. आमच्या घरात कॅसेट आली की ती भजनाची, हा नियमच होता. आणि मी सांगणार तरी काय? मला हे राक्षस आवडतात, पुसू नका? बाबा असते तर कदाचित त्यांच्याशी बोलले असते, पण ते पुन्हा पाण्यावर गेले होते.

शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी शेजारी डोहाळेजेवण होतं. आई आणि आत्या तिकडे गेल्या. मी पडवीत बसून विचार करत होते की या घरात अशी एक तरी कॅसेट आहे का, जिला कोणी कधीच हात लावणार नाही, जिच्यावर भजन करावं असं आत्याच्या स्वप्नातही येणार नाही. आणि अर्थातच होती. आत्याच्या ट्रंकेत, घडीच्या लुगड्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. 'चि. शालू, बारा अभंग.' तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटीच्या पाठीवरची प्लास्टिकची दोन्ही नखं आत्याने मोडून ठेवली होती. मी ती आणली. मोडलेल्या भोकांवर चिकटपट्टी लावली. एका खणात अकरा नंबर घातली, दुसऱ्यात मी. मग पाच मिनिटं तशीच बसून राहिले. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं, की ही मुलगी जिवंत आहे तोवर मला या घरात जागा नाही. मी दोन बटणं एकदम दाबली. गंमत अशी की टेपवर नवं चढतं त्याचाच आवाज येतो, जुनं पुसलं जाताना काहीही ऐकू येत नाही. अर्ध्या तासात सात अभंग गेले. दुसऱ्या बाजूला मी हात लावला नाही. का नाही, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळतं असं म्हणायचं धाडसही मी करणार नाही. चिकटपट्टी काढली, कॅसेट जिथल्या तिथे ठेवली. एकादशीला अजून आठ दिवस होते, तोवर काही ना काही सुचेल असं धरून चालले.

आणि शनिवारी निरोप आला की उद्या देवरुखचे पाहुणे मुलगी बघायला येतायत. बाबा बोटीवर असले की बघण्याचे कार्यक्रम आत्याच उरकी, पसंती झाली तर बाबांना पत्र जायचं. आईने मला बसवून पढवलं. "फक्त हो नाहीतर नाही म्हणायचं. जास्त विचारलं तर आम्ही सांगू, सर्दीने घसा बसलाय." मी म्हटलं, "आणि लग्नानंतर? जन्मभर सर्दी?" आई म्हणाली, "नंतरचं नंतर बघू." आईचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं.

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. मुलगा कॉलेजच्या ऑफिसात कामाला, सरळ वाटला. चुलते मोठे गमतीचे, पांढरी टोपी, कानाने जरा कमी, गावचे मानकरी. त्यांच्या गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा, हे त्यांनी पोह्यांची ताटली हातात घेण्याआधीच सांगून टाकलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे खड्या आवाजात, खर्जातून, एका दमात मागणं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्या गावाने "होय म्हाराजा" म्हणायचं. पोहे झाले, नारळाच्या वड्या झाल्या, आणि मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी गाते म्हणून ऐकलंय. एखादं म्हणून दाखवेल का?"

"आज घसा बसलाय हो तिचा," आत्या म्हणाली. "पण थांबा, तुमाला ऐकवते." आणि ती ट्रंकेकडे गेली.

मला बोलायला भरपूर वेळ होता. ट्रंक उघडली, लुगडं उचललं, पिशवीची गाठ सोडली, टेपरेकॉर्डरवरचं विणलेलं कापड बाजूला केलं. एवढ्या वेळात मी दहा वेळा "आत्या, नको" म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. हा माझा दुष्टपणा होता आणि तो मी आज कबूल करते. आत्याने आवाज मोठा केला, बटण दाबलं आणि पाहुण्यांकडे बघून हसली. आधी थोडा वेळ नुसती खरखर. मग ती खालची गिटार. मग तो.

काडेपेटी सरकली. मुलाच्या आईच्या हातातली वडी ताटलीत पडली. मुलाला चहाचा ठसका लागला. आणि चुलत्यांनी ती लांबलचक आरोळी नीट ऐकून घेतली, ती संपल्याबरोबर दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा!"

आत्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला वाटलं कॅसेट बदलली गेली, तिने काढली, स्वतःचंच अक्षर वाचलं, घाईघाईने उलटी करून घातली आणि टेप मागे गुंडाळली. दुसऱ्या बाजूने पंधरा वर्षांची शालू गायला लागली. मुलाच्या आईचा चेहरा सैल झाला, "अगोबाई, किती गोड गळा आहे हो!" त्या माझ्याकडे बघून हसल्या, अगदी मनापासून हसल्या. मला त्या बाईची दया आली. तिला एक वस्तू दाखवून दुसरी देणार होतो आम्ही.

मी ट्रे खाली ठेवला आणि टेप बंद केली. "तो आवाज आता नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये गेला. आता हा आहे. कायमचा." शेवटच्या शब्दाला तो फाटलाच. पण परक्या माणसांसमोर एवढं मी ऑपरेशननंतर प्रथमच बोलले होते.

मुलाची आई वाईट नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आधी सांगायला हवं होतं हो तुम्ही." बरोबरच बोलली. त्यांनी चहा संपवला, निरोप घेतला. मुलाने चपला घालता घालता मला हळूच विचारलं, "पहिल्या बाजूला कोण होतं?" मी म्हटलं, माहीत नाही, नाव जळलं. आठवड्याने नकार आला. इथे सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच आशा धरून बसेल. माझं लग्न पुढे राजापूरच्या माणसाशी झालं, आणि मी हे ऐकायला लागले की तो आजही उठून कलमांना पाणी घालायला जातो.

पाहुणे गेले. आई आत भांडी उचलत होती. आत्या टेपरेकॉर्डरपुढे जमिनीवर बसली, तिने कॅसेट पुन्हा पहिल्या बाजूला लावली आणि आवाज बारीक करून ऐकत राहिली. एक गाणं, दुसरं, तिसरं. मी खांबाला टेकून उभी होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू पुसलंस?"

"होय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सात अभंग होते गो," ती म्हणाली. "तुला शिकवायला मला दोन वर्षं लागली. माझ्याकडे दुसरं होतं काय?"

मला रडू आलं, पण मी थांबले नाही. मी म्हटलं, "आत्या, तू दर एकादशीला तिला लावतंस नि रडतंस. मी तिथेच असते. भिंतीवर फोटो लावतात ना मेलेल्या माणसाचा, तसं करतंस तू. मी मेलेली नाही."

टेपमध्ये तो माणूस गरजतच होता. आत्याने त्याच्याकडे बोट केलं. "आणि ह्याच्यात काय हाय?"

"ह्याला कोणी गप्प बस म्हणत नाही."

आत्याने टेप बंद केली. मग ती माझ्याकडे बघायला लागली, तोंडाकडे नाही, गळ्याकडे, ऑपरेशनची आडवी रेघ आहे तिथे. आमच्या घरात तिथे कोणी बघत नसे. आई मला गळाबंद ब्लाउज शिवायची.

"शालू," ती म्हणाली, "बोलताना दुखतं का गो तुला?"

आवाज गेल्याचं सगळ्यांनी सगळं बोलून झालं होतं. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, मंडळातल्या नवाच्या नऊ बायकांनी. हे एवढं मला कोणी विचारलं नव्हतं.

"दुखतं," मी म्हटलं. "संध्याकाळी जास्त."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

आत्याने पदर तोंडावर घेतला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात पोह्यांच्या खरकट्या ताटल्या. तिनेही ऐकलं होतं. तिने त्या ताटल्या तिथेच जमिनीवर ठेवल्या आणि माझ्याजवळ येऊन बसली.